तीन कोटेशनं

शिडाच्या होडीला इंजिन हवंच कशाला, असं विचारणारा माणूस सकाळी दहाच्या सुमाराला थळसमोरच्या समुद्रात कधी अडकलेला नसतो. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. मतलई गेला आणि खारा अजून यायचाय, अशा मधल्या वेळात शीड नुसतं लोंबकळत राहतं आणि आपण त्याच्याकडे बघत राहतो. ओहोटी मात्र कुणासाठी खोळंबत नाही. ती होडी, शीड, चहाचा थर्मास आणि आपल्याला घेऊन शांतपणे खडकांच्या दिशेने निघते.

आंग्र्यांच्या गलबतांना ही अडचण नव्हती. एकेका गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असायची. वारा पडला की माणसं वल्ह्यांवर बसायची आणि इंग्रजांची जड जहाजं जागच्या जागी चडफडत राहायची. त्याआधी, १६७९ साली खांदेरीच्या लढाईतही शिवाजी महाराजांच्या लहान होड्यांनी इंग्रजांना याच पाण्यात दमवलं होतं. आमच्या होडीवर वल्ही मारायला मनुष्यबळ होतं ते असं : एक निवृत्त बँक मॅनेजर, म्हणजे मी, आणि एक निवृत्त रसायनशास्त्राचे प्राध्यापक, म्हणजे आमचे भागीदार. पैकी माझा उजवा खांदा आखडलेला आणि सरांना डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलेली. तेव्हा इंजिन हवं, एवढ्यावर एकमत झालं. ते कुठे हवं, यावर झालं नाही.

होडी बावीस फुटी, फायबरची, जुनी. या बाबतीत तिचंही काही ठरलेलं नव्हतं. आधीच्या मालकाने तिच्या पोटातलं डिझेल इंजिन काढून विकलं होतं आणि शाफ्टच्या भोकात लाकडाची गुडदी ठोकली होती. मग मागच्या फळीवर आउटबोर्ड टांगण्यासाठी त्याने ब्रॅकेट बसवलं, आणि आउटबोर्ड घ्यायच्या ऐवजी होडीच विकून टाकली. त्याने असं का केलं असेल, हा विचार सगळे पैसे देऊन होईपर्यंत आम्हा दोन उच्चशिक्षितांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

वास्तविक इंजिन या विषयात माझा अधिकार मोठा. नोकरीत असताना रायगडच्या किनाऱ्यावरच्या शाखेत मी मच्छीमार बोटींच्या इंजिनांना कर्जं दिलेली आहेत. दोन सिलिंडर, चार सिलिंडर, सहा सिलिंडर. त्या धंद्यात बोटीची ओळखच सिलिंडरवरून. अर्ज आला की मी तीन कोटेशनं मागायचो, सगळ्यांत कमी रकमेवर बरोबरची खूण करायचो, मार्जिन मनी भरून घ्यायचो आणि सही ठोकायचो. पाहणी अहवालात ‘इंजिन समक्ष पाहिले, चालू स्थितीत आहे’ हे वाक्य मी न चुकता लिहिलं. समक्ष जे पाहिलं ते बहुतेक डिझेलचं पिंप असावं.

त्याच सवयीने मी फुलस्केप कागदाला उभी घडी घातली. डावीकडे आउटबोर्ड : होडीच्या पाठीला बाहेरून टांगायचं, पेट्रोलवर चालणारं, सहा-आठ हॉर्सपॉवरला वजन पंचवीस-तीस किलो. बिघडलं तर काढून दुकानात न्यावं, होडी गाळात टेकली तर तिरकं करून पाण्याबाहेर उचलून ठेवावं. होडीला भोक पाडायला नको. उजवीकडे इनबोर्ड : पोटात कायमचं बसवायचं डिझेल. एक सिलिंडरचं लहानात लहान घेतलं तरी पाऊणशे किलोच्या घरात. पण इंधन कमी खातं, तासन्‌तास एका सुरात चालतं, बॅटरी चार्ज करतं आणि त्याचा पंखा होडीच्या तळाखाली असल्याने लाटांवर उघडा पडत नाही. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गळती झाली तर ती तळाशी जाऊन साचते आणि ठिणगीची वाट बघत बसते. डिझेल त्या मानाने सोशिक. बँकेच्या भाषेत सांगायचं तर आउटबोर्ड हे चालू खातं, हवं तेव्हा काढा. इनबोर्ड ही मुदत ठेव, मोडायला गेलात तर दंड.

सर आउटबोर्डवाले. त्यांना कुठल्याही वस्तूचा जन्म सांगितल्याशिवाय ती विकत घेता येत नाही. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेतून अमेरिकेत गेलेला यंत्रकार १९०६ साली उन्हाळ्यात प्रेयसीबरोबर सहलीला गेला, तिला आइस्क्रीम खावंसं वाटलं, हा गडी तळ्यापलीकडून वल्ही मारत ते घेऊन आला आणि येईपर्यंत आइस्क्रीमचं दूध झालं होतं, अशी कथा सांगतात. १९०९ साली त्याने आउटबोर्ड विकायला काढलं : ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड. जिचं आइस्क्रीम वितळलं तिने पुढे त्याच्याशी लग्न केलं आणि वल्ही फेकून द्या, अशी जाहिरातही लिहिली. सर ही कथा इतक्या वेळा सांगत, की आम्ही जाहिरातीच्या शब्दाला जागून आमची वल्ही खरोखरच घरच्या माळ्यावर टाकली. हे पुढे महत्त्वाचं आहे.

“आणि तुमच्या डिझेलचं काय झालं ठाऊक आहे?” ते मला विचारत. “रुडॉल्फ डिझेल. १९१३च्या सप्टेंबरात अँटवर्पहून हार्विचला निघाला. रात्री बोटीवरच्या खोलीत झोपायला गेला आणि सकाळी बोटीवर नव्हताच.”

“अहो, मग त्यात इंजिनाचा काय दोष?” आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “भागीदाराशी वाद झाला असेल.”

मेव्हण्यांचा मोटारसायकलींचा व्यासंग आहे. ते म्हणाले, “भावोजी, आत बसवा नाहीतर बाहेर, पंचवीस हॉर्सपॉवरच्या खाली जाऊ नका.” त्यांना सरांनी फळ्यावर शिकवावं तसं शिकवलं. होडीचा पाण्याला टेकणारा भाग किती फूट लांब आहे ते बघायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ ने गुणायचं. येतील तेवढे नॉट. आमची होडी पाण्यावर १८ फूट टेकते. उत्तर ५.७ नॉट, म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. त्यापुढे कितीही घोडे जुंपले तरी अशी जड होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढणीला अडकून राहते. मेव्हणे हिशोब ऐकून गप्प झाले आणि मग हळूच म्हणाले, “म्हणजे सायकलच घ्यायची होती तर.”

शेवटी आम्ही जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड घेतलं. त्यात पेट्रोलमध्ये पन्नासाला एक या प्रमाणात ऑइल मिसळावं लागतं. सरांनी घरातलं मोजपात्र आणलं आणि थेंब मोजून मिश्रण केलं. दोन टक्के हा आकडा मलाही ओळखीचा आणि सोसवेल असा वाटला. मोजायचं राहिलं ते वेगळंच. आउटबोर्डचा दांडा आखूड म्हणजे १५ इंची असतो, नाहीतर लांब म्हणजे २० इंची. शिडाच्या होडीची पाठ उंच, तिला लांब दांडा लागतो. आमच्यापुढे आलेल्या तीन कोटेशनांत सगळ्यांत स्वस्त होतं ते आखूड दांड्याचं. मी बरोबरची खूण केली.

परिणाम असा, की सर पुढे नाळेवर शीड उतरवायला गेले की होडी त्यांच्या बाजूला झुके, मागची बाजू उचलली जाई, पंखा पाण्याबाहेर येऊन हवेत गरगरे आणि इंजिन किंचाळे. मी ओरडायचो, “सर, मागे या!” सर मागे आले की पंखा बुडे, होडी झेप घेई आणि शीड अर्धवट राही. “सर, पुढे जा!” खाडीत उभ्या असलेल्या लाँचवरच्या लोकांना बराच वेळ वाटत होतं की आम्ही मुद्दाम करतोय.

आउटबोर्ड काढून नेता येतं हा गुण चोरांनाही माहीत असतो. म्हणून ते आम्ही दर खेपेला मुंबईला घरी न्यायचो. रेवसहून भाऊच्या धक्क्याच्या लाँचमध्ये, पाट्यांच्या आणि टोपल्यांच्या गर्दीत, चादरीत गुंडाळलेलं इंजिन दोघांनी दोन टोकांना धरून. “पेशंटला कुठल्या हॉस्पिटलात नेताव?” असं एका मावशींनी कळवळून विचारलंही होतं. घरी आलं की ते गोड्या पाण्यात चालवावं लागतं, नाहीतर आतल्या वाटांमध्ये मीठ धरतं. त्यासाठी सोसायटीच्या आवारात निळं पिंप भरलं, काठावर फळी बांधून तिला इंजिन अडकवलं आणि दोरी ओढली. पिंप जागेवरून चालायला लागलं. सर त्याला मिठी मारून उभे राहिले. निळसर धूर पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साड्यांमधून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींच्या देवघरात शिरला. पाणीकपातीच्या दिवसांत दोनशे लिटर पाणी एका यंत्राला आंघोळ घालण्यात गेलं, हा ठराव पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात आहे. मी एकट्यानेच विरोधात मत दिलं. सर वेगळ्या सोसायटीत राहतात.

तेव्हापासून इंजिन होडीवरच ठेवायचं ठरलं आणि चोरी होऊ नये म्हणून सरांनी ते साखळीने बांधून कुलूप लावलं. साखळी नांगराची होती.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही मतलईवर रेवसहून निघालो. मांडवा गेलं, किहीम गेलं, खांदेरी दिसायला लागलं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला किल्ला, तेव्हा आपणही त्याला एक फेरी घालून यावं असा बेत. थळसमोर वारा गेला. ओहोटी उंदेरीजवळच्या खडकांकडे ओढायला लागली. मी ऐटीत आउटबोर्डची दोरी ओढली आणि पहिल्याच ओढीला इंजिन चालू झालं. पाचेक मिनिटं छान चाललं. मग आचके दिले आणि बंद पडलं. थोडं थांबून ओढलं, तर पुन्हा चालू. पुन्हा पाच मिनिटांनी आचके.

सरांचं निदान : तापतंय. माझं निदान : पेट्रोलात भेसळ. आम्ही प्लग काढला, रुमालाने पुसला, दोघांनी आळीपाळीने उन्हात धरून पाहिला आणि परत लावला. प्लगकडे बघून काय कळतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण न बघता लावणं बरं दिसलं नसतं. पेट्रोलच्या नळीच्या मध्ये एक रबरी फुगा असतो, तो दाबून इंजिनाला पेट्रोल चढवायचं. तो चेपला गेला होता आणि पुन्हा फुगतच नव्हता. सरांनी तो हातात घेऊन म्हटलंदेखील, “गंमत आहे, हा आत ओढला गेलाय.” आणि बाजूला ठेवला. आयुष्यभर बॉइलचा नियम शिकवलेला माणूस.

नांगर टाकला. नांगराला त्याचा दांडा तळाशी आडवा धरून ठेवायला साखळीचं वजन लागतं. नुसत्या दोरावरचा हलका नांगर तळावरून घसरत येतो. आमचा आला. साखळी आउटबोर्डच्या गळ्यात होती आणि किल्ली घरच्या की-होल्डरवर. वल्ही माळ्यावर.

एक मच्छीमार बोट आमच्याकडे वळली. सुकाणूवर पांढऱ्या मिशांचे नाखवा. त्यांनी दोर फेकला, मी तो दुसऱ्या फेकीला पकडला. त्यांचा नातू आमच्या होडीत उतरला, टाकीकडे एकदा बघितलं आणि झाकणावरचा छोटा स्क्रू दोन बोटांनी सैल केला. फुस्स करून हवा आत गेली, फुगा फुगला. टाकीतलं पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी, आणि आम्ही चोरांच्या आणि वासाच्या भीतीने झाकण, स्क्रू, सगळं घट्ट आवळून ठेवलं होतं. पोरगा काही बोलला नाही. नाखवा मात्र माझ्याकडे निरखून बघत होते.

“मॅनेजर साहेब ना तुमी?”

मी मान डोलावली.

“माझ्या सहा शिलिंडरला तुमी तीन कोटेशनं आनायला लावली व्हती. दोन महिने फिरवलंत.” त्यांनी आमच्या आउटबोर्डकडे, त्याच्या गळ्यातल्या साखळीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. “तुमी किती आनली?”

या प्रसंगाने मी पुन्हा इनबोर्डवाला झालो. सरांना बोलायला तोंड राहिलं नव्हतं, कारण बॉइल. धक्क्यावर मच्छीमार सोसायटीच्या पंपावर डिझेल मिळतं, इतकं मोठं दर्यावर्दी जग डिझेलवर चाललंय, ते काय उगाच? जुनं एक सिलिंडरचं डिझेल मिळालं. ते होडीत बसवायला मिस्त्रींनी जिना काढला, मग शेगडीचं कपाट काढलं, मग माझी झोपायची जागा निम्मी काढली. इंजिनाची आणि शाफ्टची चकती समोरासमोर अगदी तंतोतंत जुळावी लागते आणि ते होडी पाण्यात असतानाच तपासायचं असतं, कारण पाण्यात उतरली की होडी किंचित वाकते. मिस्त्री आडवे पडून फीलर गेज घालत आणि मला बॅटरी धरायला लावत. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून पाणी टपकत होतं. मी ते अभिमानाने निदर्शनास आणलं.

“टपकायलाच पाहिजे,” मिस्त्री म्हणाले. “चालताना टपकलं नाय तर शाफ्ट तापंल.”

घरी सांगितल्यावर सौ. म्हणाल्या, “म्हणजे पैसे देऊन होडीत पाणी घ्यायचं?” याचं शास्त्रीय उत्तर आहे. ते त्यांनी ऐकलं नाही.

डिझेलचा स्वभाव वेगळा. त्याला प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. पण नळीत हवेचा बुडबुडा शिरला की ते रुसतं. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, पंपाची इवलीशी दांडी अंगठ्याने खालीवर करत राहायचं, फेसाळ डिझेल येईल ते येऊ द्यायचं आणि स्वच्छ धार लागली की स्क्रू आवळायचा. वाचायला सोपं आहे. तो स्क्रू इंजिनाच्या मागच्या अंगाला असतो. तिथे हात पोचतो, पण हातात पाना असेल तर पोचत नाही. डोकं तळाशी, पाय वर कॉकपिटमध्ये, अशा अवस्थेत माझा दहा नंबरचा पाना निसटून इंजिनाखाली गेला. दुसरा घेतला. तोही गेला. होडी आता दोन पान्यांनी समृद्ध आहे.

सरांचा आउटबोर्डवर जीव होताच. “स्टँडबाय म्हणून असू दे,” म्हणून ते ब्रॅकेटवर राहिलं. पाऊणशे किलो पोटात, पंचवीस पाठीवर, शिवाय मागे बसणारे आम्ही. होडीची मागची बाजू इतकी खाली गेली, की कॉकपिटमधलं पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेल्या भोकांतून समुद्र आत यायला लागला. आम्ही त्यांना बुचं लावली आणि पावसाचं पाणी तांब्याने काढू लागलो.

पावसाळा संपल्यावर मेव्हण्यांना घेऊन मुंबईच्या बाजूला निघालो. समुद्राचं पाणी तळाच्या भोकातून आत ओढलं जातं, इंजिन गार करतं आणि धुराबरोबर मागून थुंकल्यासारखं बाहेर पडतं. ते पडतंय ना, हे अधूनमधून वाकून बघणं ही सरांची एकमेव जबाबदारी. त्या वेळी सर मेव्हण्यांना आइस्क्रीमची गोष्ट सांगत होते. प्रेयसीने चमचा हातात घेतला, इथवर गोष्ट आली आणि इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. इंजिन बंद केलं. समोरून कंटेनर जहाज येत होतं, लांब होतं, पण त्याचा आकार वाढत होता. पाण्याच्या पंपातली रबरी पाकळ्यांची चकती कोरडी फिरून तुटली होती. मेव्हण्यांनी पाण्यात हात घालून बोटहूकने तळ चाचपला आणि भोकाला घट्ट चिकटलेली पिशवी ओढून काढली. दुधाची, अर्ध्या लिटरची, टोन्ड.

“आता स्टँडबाय!” सर विजयी मुद्रेने उठले. त्यांनी झाकणाचा स्क्रू सैल केला, साखळीचं कुलूप काढलं, किल्ली या खेपेला आठवणीने आणली होती, आणि दोरी ओढली. पावसाळाभर कार्बुरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा झाला होता. सर ओढत राहिले. मग मेव्हण्यांनी ओढलं. मग माझ्या चांगल्या खांद्याने मी ओढलं. जहाज आमच्या बरंच बाजूने निघून गेलं, तेवढं त्याने केलं.

भाऊच्या धक्क्याला मासळी उतरवून परत येणारी बोट वळली, तेव्हाच मी ओळखलं. नाखवांनी काही न विचारता दोर फेकला. मी पहिल्या फेकीला पकडला. रेवसच्या खाडीत शिरेपर्यंत कुणी बोललं नाही. तिथे न राहवून सरांनी विचारलंच, “नाखवा, तुमचा अनुभव मोठा. इंजिन आत चांगलं की बाहेर?”

नाखवांनी आमच्या होडीकडे पुढून मागून पाहिलं. पोटातलं एक, पाठीवरचं एक.

“इंजिनं दोन,” ते म्हणाले, “आनि दोर माझाच. पुढल्या टायमाला दोर तरी तुमचा आना.”

दोरासाठी मी तीन कोटेशनं मागवली आहेत. नायलॉनचा दोर ताणतो, त्यामुळे ओढताना हिसका बसत नाही. पण तो बुडतो आणि पंख्यात जाऊ शकतो. पॉलिप्रॉपिलिनचा तरंगतो, स्वस्तही आहे. पण उन्हात लवकर जीर्ण होतो. सर नायलॉनच्या बाजूचे आहेत. १९३५ साली तो पहिल्यांदा प्रयोगशाळेत कसा तयार झाला, ते त्यांनी मला सांगितलं आहे. मी अजून खूण केलेली नाही. तोवर नाखवांना त्यांचाच दोर आणायला सांगितलं आहे.